बुधवारची प्रार्थना मोडू देऊ नका

रविवारची उपासना आपल्याकडे अजून टिकून आहे. घंटा होते, गायनमंडळ उभे राहते, अर्पणाची थैली फिरते, पाळकसाहेब आशीर्वाद देतात आणि थोड्याच वेळात चर्चचे आवार रिकामे होते. मोडत चालली आहे ती आठवड्याच्या मधली, घराघरांत भरणारी प्रार्थना. कुठे ती बुधवारी असते, कुठे शुक्रवारी. कुठे तिला घरप्रार्थना म्हणतात, कुठे कॉटेज मीटिंग, तर कुठे "आज अमक्यांकडे प्रार्थना आहे" एवढे म्हटले तरी पुरते. नगर जिल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर, जालन्याकडच्या जुन्या मंडळ्यांत, पुण्यामुंबईच्या चाळींत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही बैठक आता एकेका वस्तीतून उठते आहे. ती बंद करा असे कोणी म्हटले नाही. एका आठवड्यात पाहुणे आले, दुसऱ्यात मुलांच्या परीक्षा होत्या, तिसऱ्यात कोणी विचारलेच नाही, आणि मग तिचा विषयच निघेनासा झाला.

ही बैठक वाचवली पाहिजे, आणि ती वाचवणे सर्वस्वी आपल्या हातात आहे. त्यासाठी सिनडचा ठराव लागत नाही, इमारत लागत नाही, बाहेरून निधी यावा लागत नाही. एक घर, एक सतरंजी आणि यायला तयार असलेली चार माणसे एवढेच लागते. मराठी ख्रिस्ती मंडळी उभी राहिली ती त्या सतरंजीवर, असे मी मनापासून मानते, आणि सतरंजी माळ्यावर गेली की चर्चमधली बाकेही फार काळ भरलेली राहणार नाहीत, अशी मला भीती वाटते.

ज्या तरुण वाचकांनी अशी प्रार्थना कधी पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगते. नगरजवळच्या एका वस्तीवरचे दोन खोल्यांचे घर. संध्याकाळचे साडेसात. पुढच्या खोलीतला पलंग भिंतीशी उभा केलेला, खाली सतरंजी, म्हाताऱ्यांसाठी कडेला दोन खुर्च्या. दारात चपलांचा ढीग. पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधून आणलेली, तिच्या भात्याला एका ठिकाणी चिकटपट्टी लावलेली. तबला नसला तर स्टीलचा डबा उपडा करून कोणीतरी ठेका धरतो. 'उपासना संगीत'मधला गीताचा क्रमांक सांगितला जातो. कोपऱ्यातल्या आजींना अक्षरओळख नाही, पण पुस्तक उघडणाऱ्यांच्या आधी त्याच पहिली ओळ उचलतात आणि शेवटच्या कडव्यापर्यंत कुठे अडत नाहीत. मग शास्त्रवाचन होते. मनन सांगणारे बहुधा निवृत्त गुरुजी, नाहीतर एखादी नर्सबाई. पाळकसाहेब असतातच असे नाही.

त्यानंतर तो प्रश्न येतो: "कोणाची काही विनंती आहे का?" थोडा वेळ कोणीच बोलत नाही. मग एक बाई सांगते, लेकीला सातवा महिना आहे, रक्त कमी सांगितलंय. एक जण म्हणतो, अवकाळीनं कांदा भिजला, सोसायटीचं कर्ज आहे. पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा मान खाली घालून म्हणतो, सोळाशे मीटरच्या धावण्यासाठी प्रार्थना करा. आणि एक बाई फक्त "माझ्या घरासाठी" एवढेच म्हणते. तिच्या घरी काय चालले आहे ते सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून पुढे कोणी विचारत नाही. शेजारची बाई तिचा हात हातात घेते. मग एकेका माणसाचे नाव घेऊन प्रार्थना होते. ज्याने विनंती सांगितली त्याच्यासाठी दुसराच कोणी प्रार्थना करतो, हा तिथला अलिखित नियम. आपले नाव दुसऱ्याच्या तोंडून देवापुढे ठेवले गेलेले ऐकणे हा अनुभव ज्याने घेतला आहे, त्याला तो जन्मभर पुरतो.

शेवटी चहा होतो, आणि खरे काम पुष्कळदा चहाच्या वेळीच होते. सिव्हिलमध्ये कोणत्या दिवशी कोणते डॉक्टर असतात हे नर्सबाई त्या आईला सांगतात आणि सोमवारी मीच बरोबर येते म्हणतात. कांदेवाल्याला दुसरा शेतकरी सांगतो की पंचनाम्याचा अर्ज आधी कर, तलाठ्याला मी गाठतो. या कामासाठी समिती नेमलेली नसते, अहवाल छापलेला नसतो. आठवडाभरात कोणाला काय हवे आहे ते सतरंजीवर बसल्या बसल्या कळलेले असते, आणि एकदा कळले की गप्प बसणे माणसाला जमत नाही.

हे सगळे नवीन नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात यरुशलेमची पहिली मंडळी अशीच दिसते. ते मंदिरात जात होते आणि घरोघरी भाकरही मोडत होते. ज्याला जशी गरज लागेल तसे वाटून घेत होते. पुढे इ.स. 112च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानच्या उत्तरेला बिथिनिया प्रांताचा रोमन राज्यपाल प्लिनी याने सम्राट ट्राजानला पत्र लिहून ख्रिस्ती लोकांचे काय करायचे असे विचारले. त्या पत्रात त्याने त्यांचा गुन्हा म्हणून जे नोंदवले ते वाचण्यासारखे आहे. हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून त्याचे स्तोत्र गातात, चोरी आणि व्यभिचार न करण्याची, दिलेला शब्द न मोडण्याची शपथ घेतात आणि नंतर पुन्हा एकत्र येऊन साधे जेवण घेतात. माहिती काढण्यासाठी प्लिनीने दोन दासींचा छळ केला. मंडळीत त्या सेविका होत्या, असे त्यानेच लिहिले आहे. समाजात ज्यांना काही किंमत नव्हती अशा दोन बायका त्या बैठकीत जबाबदारीच्या जागी होत्या. सीरियात दुरा-युरोपस येथे उत्खननात सापडलेले प्रार्थनास्थळ म्हणजे इ.स. 240च्या सुमारास बदल करून घेतलेले एक राहते घरच होते. ख्रिस्ती मंडळी पहिली काही शतके मुख्यतः घरांतच वाढली. उंच मनोरे पुढे आले.

आपल्याकडेही तेच झाले. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी 1813 मध्ये मुंबईत उतरले आणि 1831 मध्ये अहमदनगरला ठाणे झाले. त्यानंतरच्या दशकांत ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांना कशाकशाला मुकावे लागले, हे आज आपण विसरलो आहोत. भाऊबंद तुटले, गावची कामे तुटली, लग्नाच्या सोयरिकी तुटल्या. मेल्यावर खांदा द्यायला कोण येणार, हा प्रश्न खरोखरीचा होता. त्या माणसांना मंडळी ही आठवड्यातून एकदा जाऊन बसण्याची जागा नव्हती. तेच त्यांचे गणगोत होते.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा झाला तो 1900 मध्ये. मधली पाच वर्षे त्या माउलीने काय सोसले आणि सोवळ्याओवळ्याच्या भिंती मनातून एकेक करून कशा उतरवल्या, हे त्यांचे 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या प्रत्येक मराठी माणसाला माहीत आहे. त्या पुस्तकात मला सर्वांत जास्त भावते ते हे की माणसे जवळ येतात ती वादविवादातून फारशी नाही. कोणाच्या तरी घरात, कोणाच्या तरी आजारपणात, ताटाला ताट लागल्यावर येतात. ब्राह्मण घरातून आलेला आणि महारवाड्यातून आलेला एकाच ओळीत बसून एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेतो, ही त्या काळच्या नगर जिल्ह्यात केवढी मोठी गोष्ट होती! ती सहज घडली नाही आणि सगळीकडे पुरतीही घडली नाही. आजही लग्नाच्या बोलणीत जुनी जात डोके वर काढते, हे आपण जाणतो. पण जिथे म्हणून ती हरली, तिथे ती बहुधा एकमेकांच्या घरात बसण्या-उठण्यानेच हरली.

टिळकांनी आणखी एक मोठे काम केले. विलायती चालींना बांधलेली भक्ती त्यांनी अभंगात, ओवीत, भजनात आणली. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो असे ते सांगत, आणि त्यांची गीते तशीच आहेत. ऑर्गन नसला तरी चालते, टाळ आणि पेटी पुरते, शेतावरून आलेला माणूस दुसऱ्या आवर्तनाला साथ धरतो. नगरचेच कृष्णराव सांगळे यांनी त्याआधी कीर्तनाचा बाज ख्रिस्ती मंडळीत रुजवला होता. म्हणजे आपल्या पूर्वजांनी जे साहित्य आणि संगीत घडवले तेच मुळी अंगणात, ओसरीवर, जमिनीवर बसून म्हणण्यासाठी. ते टिकवायचे तर त्याची जागा टिकवावी लागेल. 1917 मध्ये साताऱ्यात टिळकांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सगळे चाहते त्यात एका कुटुंबासारखे यावेत, ही त्यांची तळमळ होती. 9 मे 1919 रोजी ते गेले आणि दरबार वाढण्याआधीच थांबला. ते स्वप्न अपुरे राहिले याचे मला वाईट वाटते, आणि ते पुढे नेण्याची जागा आपल्या घरांशिवाय दुसरी कुठली असेल असे मला वाटत नाही.

केडगावच्या मुक्ती मिशनचे उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोर कायम असायला हवे. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात सापडलेल्या, टाकलेल्या, विधवा झालेल्या मुली तिथे आणल्या होत्या. जानेवारी 1905 मध्ये त्यांनी मुलींना विचारले, रोज माझ्याबरोबर प्रार्थनेला कोण बसेल? सत्तरेक मुली पुढे आल्या. जूनपर्यंत तीच संख्या साडेपाचशेवर गेली आणि त्या दिवसातून दोनदा जमू लागल्या. त्या महिन्यात मुक्तीत जे संजीवन झाले त्याची नोंद जगभरच्या ख्रिस्ती इतिहासात आहे. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते हे की सुरुवात एका प्रश्नाने झाली आणि पुढे यायचे की नाही हे ज्या त्या मुलीवर सोपवले होते. ज्यांना घर नव्हते अशा मुली एकमेकींची नावे घेऊन देवापुढे बसल्या. याच मुलींपैकी कितीतरी जणींनी पुढे रमाबाईंच्या मराठी बायबलचे खिळे जुळवले आणि ते छापले.

मग आता हे मोडते आहे ते कशाने?

करोनाचा काळ हे सर्वांना सुचणारे उत्तर आहे, आणि ते काही अंशी खरे आहे. मार्च 2020 मध्ये दारे बंद झाली. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे 16 नोव्हेंबर 2020 रोजी उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि 7 ऑक्टोबर 2021 रोजी परत उघडली. त्या दिवसांत मोबाइलवरच्या उपासनेने पुष्कळांना धीर दिला, आणि त्याबद्दल मी देवाचे आभार मानते. अंथरुणाला खिळलेल्यांना, परगावी एकट्या राहणाऱ्यांना तिचा आजही आधार आहे. पण धडधाकट माणसानेही उपासना स्वयंपाकघरात मोबाइल टेकवून ऐकायची सवय लावून घेतली. मोबाइलवर प्रवचन ऐकू येते, गीत ऐकू येते. शेजारच्या बाईचा आवाज कापरा झाला आहे हे मात्र कळत नाही. आमच्या ओळखीच्या एका मंडळीत घरप्रार्थना थांबून बरेच दिवस झाले होते. तिथले एक वृद्ध गुरुजी, ज्यांनी दोन पिढ्यांना रविवारच्या शाळेत शिकवले, कित्येक आठवडे आजारी होते. मुलगा परदेशात, बायको आधीच गेलेली. मंडळीला कळले ते अंत्यविधीच्या निरोपावरून. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर शे-दीडशे हात जोडलेली चित्रे आली. बुधवारची बैठक चालू असती तर पहिल्याच आठवड्यात कोणीतरी म्हटले असते, गुरुजी दिसले नाहीत.

दुसरे कारण आपण उघडपणे बोलत नाही. पास्टरेट कमिटीच्या निवडणुका, जमिनीचे वाद, कोर्टातल्या तारखा. कोण कोणत्या पॅनेलचा, यावरून सलाम करायचा की मान फिरवायची हे ठरू लागले आहे. चर्चमध्ये दोन बाजूंच्या बाकांवर बसून हे निभावून नेता येते, पण दहा बाय बाराच्या खोलीत मांडीला मांडी लावून बसायचे असेल तर निभत नाही. म्हणून लोक घरी येणेच टाळतात. वाद ज्याचे त्याला लखलाभ असोत, कोर्ट काय तो निकाल देईल. पण मंडळीची मालमत्ता कोणाकडे जाणार हे ठरेपर्यंत मंडळीच उरली नाही तर निकाल घेऊन आपण करणार काय? दोन्ही बाजूंच्या वडीलधाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे की खटला चालू ठेवायचा असेल तर ठेवा, पण प्रार्थनेचे घर त्यातून बाहेर ठेवा. निवडणुकीचा शब्दही त्या सतरंजीवर निघणार नाही, एवढे तरी ठरवा.

तिसरे कारण खाण्यापिण्याचे. पूर्वी चहा आणि फार तर बटर असायचे. आता एका घरी पोहे झाले की दुसऱ्या घरी पावभाजी व्हावी लागते, तिसऱ्या घरी केटरर येतो. परिणाम असा की ज्याचे हातावर पोट आहे तो "आमच्याकडे ठेवा" म्हणायला कचरतो, आणि ज्याच्या घरी प्रार्थनेची सर्वांत जास्त गरज आहे त्याचेच दार यादीतून गळते. करिंथच्या मंडळीतही असेच झाले होते. सुखवस्तू लोक आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, म्हणून पौलाने त्यांना फार कडक शब्दांत सुनावले. आपल्याकडे त्याला एवढा कडकपणा करावा लागू नये. चहा, बस्स. आणि ज्या घरी चहाचीही अडचण असेल तिथे जाणाऱ्याने साखर-चहापत्ती पिशवीत नेली तरी त्यात संकोच कसला?

चौथे कारण भीतीचे आहे, आणि तिची टिंगल करण्याचा कोणालाही अधिकार नाही. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचे हक्क धर्माशी बांधले गेले. पुढे 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना त्यात घेतले, दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. त्यामुळे कित्येक कुटुंबे श्रद्धा एक आणि कागद दुसरा अशा कात्रीत जगत आली आहेत. त्यात अलीकडे घरात दहा माणसे जमली की शेजारी काय म्हणतील, कोणी तक्रार करील का, ही धास्ती. यावर लपून जमणे हा उपाय नव्हे. दार उघडे ठेवा, लाउडस्पीकर लावू नका, शेजाऱ्यांना आधी सांगा आणि चहाला बोलवा. दिवाळीत त्यांच्या घरचा फराळ आपल्याकडे येतो, नाताळात आपल्या करंज्या त्यांच्याकडे जातात. वर्षानुवर्षांचा तो शेजार आपल्या कामी येतो, आणि आपणही त्यांच्या अडीअडचणीला तसेच उभे राहायला हवे.

काही जण म्हणतात, घरप्रार्थनेत चहाड्याच फार होतात. होतात, नाही म्हणून चालणार नाही. एखादीने मन मोकळे केले आणि तिसऱ्या दिवशी ते अख्ख्या वसाहतीत झाले, असे घडले की ती बाई पुन्हा तोंड उघडत नाही, आणि तिच्या जागी मी असते तर मीही उघडले नसते. म्हणून प्रार्थनेत कानावर आलेली गोष्ट उंबऱ्याबाहेर न्यायची नाही, हे घरच्या यजमानाने सुरुवातीलाच मोठ्याने सांगावे, दर वेळी सांगावे. काही म्हणतात, मोठ्या मैदानावरच्या सभांना जातो, तिथे आत्म्याला उभारी येते. जरूर जा. पण हजारांच्या गर्दीत तुम्हाला नावाने हाक मारणारे कोणी नसते, आणि तुमचा गर्व किंवा तुमचा राग ओळखून बाजूला घेऊन चार शब्द सांगणारेही कोणी नसते. ते काम लहान बैठकीतच होते, आणि मला तर वाटते की माणसे तिथून पळतात ती बरेचदा याच कारणाने.

कॅथलिक बांधवांकडून या बाबतीत आपल्याला शिकता येईल. गोव्यात सायबीण, म्हणजे मरियामातेची मूर्ती, वाड्यावरच्या एका घरातून दुसऱ्या घरी जाते. आज ज्यांच्याकडे मूर्ती आहे ते उद्या ती शेजाऱ्यांच्या घरी पोहोचवतात, संध्याकाळी सगळा वाडा तिथे प्रार्थनेला जमतो, आणि शेवटी उकडलेले चणे वाटले जातात. शेजाऱ्याशी अबोला असला तरी मूर्ती त्याच्या दारात न्यावीच लागते. आपण प्रॉटेस्टंट लोक मूर्ती ठेवत नाही, पण एका घराने दुसऱ्या घरी काहीतरी सोपवायचे ही रीत आपणही घेऊ शकतो. पेटी सोपवा. या बुधवारी जिथे प्रार्थना झाली त्यांनी पुढच्या घरी पेटी आणि गीतांची पुस्तके स्वतः पोहोचवायची, असे ठरले तर निम्मे अबोले आपोआप सुटतील.

आणि पंथांच्या भिंतींचे काय? 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी (सीएनआय) झाली. बाळांचा बाप्तिस्मा मानणारे आणि मोठ्यांचाच मानणारे, बिशप असलेले आणि नसलेले एका छताखाली आले. हे आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवर घडले याचा मला अभिमान आहे. पुण्यात शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात अँग्लिकन आणि कॅथलिक भगिनी 1970च्या दशकापासून एकत्र राहिल्या, एकत्र प्रार्थनेला बसल्या. एवढे मोठे पाऊल वडीलधाऱ्यांनी उचलले असताना एकाच गल्लीतले मेथडिस्ट, सीएनआय, कॅथलिक आणि पेंटेकॉस्टल कुटुंब बुधवारी एकत्र बसू शकत नाही, हे कसे चालेल? प्रभुभोजनाचे नियम ज्याचे त्याने पाळावेत. गीत, वचन आणि एकमेकांसाठी प्रार्थना यांना कोणाचीही हरकत नाही.

पाळकसाहेबांना एक मागणे. तुमच्यावर आधीच पुष्कळ भार आहे, चार-चार गावे सांभाळता, तेव्हा प्रत्येक बैठकीला तुम्ही यावेच असे नाही. पण रविवारी व्यासपीठावरून या आठवड्यात प्रार्थना कोणाच्या घरी आहे ते जाहीर करा. महिला मंडळातल्या ज्या बाया हे काम वर्षानुवर्षे निमूटपणे करत आल्या आहेत, त्यांना पुढे बसवा, मनन सांगायला उभे करा. जुन्या बायबलबाया एका हातात पिशवी घेऊन पायी गावोगाव फिरल्या म्हणून आपल्या कितीतरी घरांत पहिले पुस्तक आले. त्यांच्या नातींना आपण फक्त चहाच्या कपांमागे उभे करणार का?

तरुणांनो, तुमच्याशी बोलल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. तुम्ही शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्याला, मुंबईला येता. खोलीत चौघे राहता, पैकी एखादाच ख्रिस्ती असतो. रविवारी थकलेले असता, चर्च लांब असते, ओळखीचे कोणी नसते, आणि वर्ष-दोन वर्षांत गावाकडची सवय सुटून जाते. तुमच्या शहरातल्या एकटेपणावर कोणत्याही ॲपमध्ये औषध नाही. नगर, राहुरी, श्रीरामपूर, शेवगावकडून आलेली तुमच्याच वयाची किती मुले एका उपनगरात राहतात ते शोधा. तिथल्या एखाद्या मराठी कुटुंबाचे दार ठोठवा. मला खात्री आहे, ती काकू तुम्हाला जेवल्याशिवाय सोडणार नाही. पेटी शिका. सुट्टीत गावी गेलात की आजीकडून चाली उतरवून घ्या, मोबाइलमध्ये ध्वनिमुद्रित करा, कारण पुस्तकात शब्द आहेत, पण कितीतरी चाली फक्त तिच्या गळ्यात आहेत.

आणि आता तुम्ही, हे वाचणारे. तुमच्या वस्तीतली प्रार्थना अजून चालू असेल तर येत्या खेपेला जा, आणि जो बरेच दिवस आला नाही त्याला बरोबर घेऊन जा. ती बंद पडली असेल तर पुन्हा सुरू करण्यासाठी नव्या वर्षाची वाट पाहू नका, आगमनकाळाची किंवा लेंतचीही नाही. या आठवड्यात एका घरी फोन करा आणि विचारा, "बुधवारी संध्याकाळी तुमच्याकडे प्रार्थनेला येऊ का?" पहिला फोन ज्या घरात म्हातारी माणसे एकटी आहेत तिथे करा. दुसरा, ज्यांच्याशी मागच्या निवडणुकीपासून बोलणे बंद आहे त्यांना. ते नाही म्हणाले तर महिन्याने पुन्हा विचारा. दोघे-तिघे पुरेत, हे प्रभूनेच सांगून ठेवले आहे. पेटी नसली तर टाळ्या वाजवा, मनन सांगणारे कोणी नसेल तर नुसता अध्याय वाचा, पण विनंत्या मात्र नावानिशी विचारा आणि त्या एका वहीत लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या बुधवारी सर्वांत आधी त्या लेकीचे कसे झाले, कांद्याचा पंचनामा झाला का आणि तो मुलगा धावण्यात पास झाला का, हे विचारता येईल.